कान टवकारून : आवाजाचा जीव कुठे?

बालमित्रांनो, राक्षसाची ती गोष्ट तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलीच असेल. राजपुत्र राक्षसावर तलवारीचे घाव घालतो, भाले फेकतो, पण राक्षस काही केल्या मरत नाही. उलट खदाखदा हसतो! का बरं? तर त्याचा जीव त्याच्या अंगात नसतोच मुळी. सात समुद्रांपलीकडे एक बेट, बेटावर एक झाड, झाडावर एक पिंजरा, पिंजऱ्यात एक पोपट आणि राक्षसाचा जीव त्या पोपटात!

आवाजांचंही कधी कधी अस्संच असतं बरं का. गाणं चालू असतं आणि मध्येच एखादा आवाज कानावर येऊन आदळतो. आपल्याला वाटतं, हा याच गाण्यासाठी वाजवला असणार. पण त्याचा माग काढत गेलं की लक्षात येतं, छे! हा तर भलतीकडूनच आलाय. याचा जीव दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच काळात, कुणा दुसऱ्याच माणसाच्या हातात नाहीतर फुंकरीत आहे.

आज आपण हेर व्हायचं. भिंग नको, दुर्बीण नको. दोन कान असले की झालं. एका जुन्या यंत्राच्या पेटाऱ्यातून निघून जगभर गाजलेले काही आवाज आपण ओळखायचे आणि त्यांचा जीव कुठे दडलाय ते शोधायचं. चला तर!

आजीच्या घरातलं यंत्र

आपल्या गोष्टीची सुरुवात होते ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात. किम रायरी आणि पीटर व्होगेल हे दोघे शाळेपासूनचे दोस्त. दोघांनाही इलेक्ट्रॉनिक्सचं भारी वेड. १९७५ साली त्यांनी एक छोटी कंपनी काढली. कुठे? तर किमच्या आजीच्या घरात! घरासमोरच सिडनीची खाडी. खाडीतून एक वेगवान प्रवासी बोट ये-जा करायची. तिचं नाव होतं 'फेअरलाइट'. झालं! कंपनीचं नावही 'फेअरलाइट' ठरलं.

दोघांना हवं होतं एक असं यंत्र, की जे कुठल्याही वाद्याचा आवाज काढील. पियानो म्हणा, व्हायोलिन म्हणा, बासरी म्हणा. त्यासाठी टोनी फर्स नावाच्या इंजिनिअरनं बनवलेला संगणक त्यांनी हाताशी घेतला. त्यात मोटोरोला कंपनीचे ६८०० जातीचे दोन प्रोसेसर होते. पियानोच्या आवाजाचं गणित मांडायचं आणि त्या गणितावरून संगणकानं तो आवाज नव्यानं घडवायचा, अशी त्यांची कल्पना. गणितं मांडून मांडून दोघं थकले. आवाज निघायचा, पण तो पियानोसारखा काही वाटायचा नाही. पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलावं, तसला तो निर्जीव आवाज!

मग व्होगेलनं एक गंमत केली. रेडिओवर पियानोवादन चालू होतं. त्यातला जेमतेम सेकंदभराचा तुकडा त्यानं संगणकात साठवला आणि तोच तुकडा वेगवेगळ्या वेगानं वाजवून पाहिला. आणि काय आश्चर्य! इतके दिवसांच्या गणितांतून जे आलं नाही, ते या एका सेकंदानं दिलं. आवाज चक्क पियानोसारखा वाटू लागला.

खरं तर दोघांच्या मते ही पळवाटच होती. आवाज घडवायचा सोडून उचलून आणायचा, यात कसलं आलंय कौशल्य? पण संगीतकारांना नेमकं तेच आवडलं. १९७९ साली यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव फेअरलाइट सीएमआय. पियानोसारख्या ७३ पट्ट्या, हिरव्या अक्षरांचा पडदा, पडद्यावर टेकवून रेघा ओढायला एक प्रकाशलेखणी, आणि जेवणाच्या ताटलीएवढ्या, आठ इंची फ्लॉपी डिस्क! किंमत हजारो पौंड. त्यामुळे ते घ्यायचे फक्त मोठमोठे कलाकार आणि मोठमोठे स्टुडिओ.

असा आवाजाचा तुकडा उचलण्याला म्हणतात 'सॅम्पलिंग', तुकड्याला म्हणतात 'सॅम्पल' आणि यंत्राला 'सॅम्पलर'. आपण आपलं साधं मराठीत 'नमुना' म्हणू या. भाताची परीक्षा शितावरून करतो ना आपण? तसं हे आवाजाचं शीत!

आवाजाचे आकडे

आता तुम्ही विचाराल, संगणकाला तर आकड्यांशिवाय काही कळत नाही. मग त्याला आवाज कसा कळतो?

आवाज म्हणजे हवेची थरथर. ही थरथर मायक्रोफोनच्या पडद्याला हलवते. पडदा किती हलला, हे यंत्र सेकंदाला हजारो वेळा मोजतं आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहून ठेवतं. पहिल्या फेअरलाइटची मजल सेकंदाला २४,००० मोजण्यांपर्यंत होती. आणि मोजपट्टी केवढी? अवघ्या २५६ पायऱ्यांची. म्हणजे थरथर शंभराव्या आणि एकशेएकाव्या पायरीच्या मध्ये असली, तरी 'चल, शंभरच लिही' असं म्हणून यंत्र मोकळं! पुढे सीडी आली. तिच्यात सेकंदाला ४४,१०० मोजण्या आणि ६५,५३६ पायऱ्या असतात. तेव्हा बघा, आपलं फेअरलाइट किती ढोबळ मोजत होतं ते.

शिवाय स्मरणशक्तीही बेताचीच. एका वेळी आठ सूर वाजवता येत, पण प्रत्येक सुरासाठी जागा होती फक्त १६ किलोबाइट. म्हणजे १६,३८४ आकडे मावणार, बस्स. सेकंदाला २४,००० आकडे लिहायचे म्हटलं, तर पाऊण सेकंद व्हायच्या आतच वही संपली! आज आईच्या मोबाइलमध्ये काढलेला एखादा २ मेगाबाइटचा फोटो घेतलात, तर तेवढ्या जागेत असे १२८ तुकडे बसतील.

पण हीच अडचण या यंत्राची ओळख बनली. छोटे छोटे, खरखरीत, झटक्यात संपणारे आवाज. यंत्राबरोबर तयार आवाजांनी भरलेल्या डिस्क मिळायच्या. प्रत्येक आवाजाला छोटंसं सांकेतिक नाव. यंत्र लंडनमध्ये असो की न्यूयॉर्कमध्ये, पेटारा तोच. मग तेच तेच आवाज वेगवेगळ्या गाण्यांतून डोकावू लागले. म्हणूनच ते आज ओळखता येतात.

हेराच्या चार खुणा

एखादा आवाज नमुन्याचा आहे की समोर बसून कुणी वाजवलाय, हे ओळखायचं कसं? या चार खुणा वहीत लिहून ठेवा.

खूण पहिली : वर जाताना आखूड होतो. नमुना वेगानं वाजवला की सूर उंच होतो, सावकाश वाजवला की खाली येतो. पण वेगानं वाजवल्यावर तो लवकर संपणारच ना! वेग दुप्पट केला की सूर बरोबर एक सप्तक वर चढतो आणि वेळ निम्मी होते. माणसाचा आवाज असा वर नेला की उंदीरमामा बोलल्यासारखा चिरका येतो. खाली आणला की कुंभकर्ण जांभई देतोय असं वाटतं!

खूण दुसरी : दर वेळी तंतोतंत तोच. खरा तबलजी एकच 'धा' दहा वेळा वाजवील, पण प्रत्येक 'धा'त उन्नीस-बीस फरक असणारच. कधी बोट जरा इकडे, कधी जोर जरा कमी. नमुना मात्र शिक्का मारल्यासारखा. पहिला आणि दहावा यांत काडीचाही फरक नाही.

खूण तिसरी : खरखर. ती २५६ पायऱ्यांची ढोबळ मोजपट्टी आठवते ना? तिच्यामुळे आवाजाला एक रवाळपणा येतो. आवाज विरत जातो तेव्हा हा रवा जास्त जाणवतो. शेवटाकडे कान द्या.

खूण चौथी : जागा बरोबर येते. मोठ्या सभागृहात ध्वनिमुद्रण झालं असेल, तर सभागृहाचा घुमाराही नमुन्यात अडकतो. मग गाण्यातला गायक जवळ, छोट्या खोलीत गातोय असं वाटतं आणि मध्येच एक आवाज भल्यामोठ्या सभागृहातून आल्यासारखा येतो. हा पाहुणा बाहेरचा, हे लगेच कळतं.

आता या खुणा घेऊन आपण मोहिमेवर निघू या.

आवाज पहिला : खळ्ळ्!

सोप्यापासून सुरुवात. इंग्लंडची गायिका केट बुश हिचं 'बाबूश्का' हे गाणं १९८० साली आलं. त्यात काच फुटल्याचा आवाज आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत खऱ्याखुऱ्या काचा फोडून तो फेअरलाइटमध्ये भरला होता. एरवी काच फुटली की ओरडा बसतो. इथे मात्र तिचं संगीत झालं! पट्टी दाबा, काच फुटेल. वरची पट्टी दाबा, छोटी काच फुटेल. खालची दाबा, खिडकीचं अख्खं तावदान कोसळेल.

असले उद्योग करणारे आणखीही होते. पीटर गॅब्रिएल या गायकानं १९८२ सालच्या आपल्या गाण्यांसाठी भंगाराच्या ढिगात जाऊन मोडक्यातोडक्या वस्तूंवर ठोकाठोक केली, पाइपांतून फुंकर मारली आणि ते सारं टिपून नेलं. 'आर्ट ऑफ नॉइज' या मंडळींनी १९८४ च्या एका गाण्यात शेजाऱ्याची मोटार सुरू होताना आणि बंद पडताना करते ती घरघर वापरली. अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात १९८३ साली हर्बी हँकॉक हे मोठे पियानोवादक फेअरलाइट घेऊन आले होते. एका चिमुरडीनं आपलं नाव सांगितलं आणि हँकॉकांनी तेच नाव पट्ट्यांवर उंच-खोल करून वाजवून दाखवलं. पोरं खूश!

आवाज दुसरा : ढँऽऽ!

आता जरा अवघड. हा आवाज या यंत्राचा सगळ्यात गाजलेला. एक बोट पट्टीवर ठेवलं, की शंभर वादकांचा ताफा एकदम अंगावर आल्यासारखा 'ढँऽऽ' असा दणका! व्हायोलिनं, तुताऱ्या, ढोल, सगळं एकाच क्षणी. आणि लगेच शांतता. डिस्कवर त्याचं नाव होतं 'ऑर्क ५'. ऑर्क म्हणजे ऑर्केस्ट्रा. बस्स, एवढंच. रचना कुणाची, वादक कोण, कशाचाच पत्ता नाही.

१९८२ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा आणि त्यांच्या साथीदारांनी 'प्लॅनेट रॉक' हे गाणं केलं. हिपहॉपच्या सुरुवातीच्या दिवसांतलं हे गाणं. ठेका सगळा यंत्राचा, आणि मध्येच हा 'ढँऽऽ'. लोकांना तो इतका आवडला की मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या गाण्यात असला दणका वाजू लागला. जाहिरातींत, मालिकांच्या शीर्षकगीतांत, व्हिडिओ गेममध्ये, सगळीकडे.

पण याचा जीव कुठे?

खुणा लावून पाहा. एका बोटानं अख्खा ताफा वाजतो, म्हणजे नमुना. दर वेळी तंतोतंत तोच, म्हणजे नक्कीच नमुना. आणि घुमारा? मोठ्या सभागृहातला. म्हणजे कुठल्या तरी शास्त्रीय वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेतून हा क्षणभराचा तुकडा कापून घेतलेला असणार. पण जगात अशा हजारो ध्वनिमुद्रिका. गवताच्या गंजीत सुई शोधायची कशी?

इथे शाळेतला नव्हे, कानाचा अभ्यास कामी येतो. ज्यांनी पाश्चात्त्य संगीत भरपूर ऐकलंय, त्यांना ही सुरावट ओळखीची वाटली. नमुना मूळ सुरापेक्षा बराच खाली आणलेला होता. तो मनातल्या मनात वर चढवला की उत्तर सापडतं. रॉबर्ट फिंक या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगीत-अभ्यासकांनी २००५ साली या एका आवाजावर अख्खा प्रबंधवजा लेख लिहिला. सेकंदभराच्या आवाजावर एवढा मोठा लेख! आणि उत्तर काय? तर इगॉर स्ट्रॅव्हिन्स्की या रशियन संगीतकाराचं 'द फायरबर्ड' हे नृत्यनाट्य.

हे नृत्यनाट्य पॅरिसमध्ये २५ जून १९१० रोजी पहिल्यांदा रंगमंचावर आलं. स्ट्रॅव्हिन्स्की तेव्हा अवघा २८ वर्षांचा. त्यात एक अग्निपक्षी आहे, इव्हान नावाचा राजपुत्र आहे आणि कश्चेई नावाचा एक दुष्ट मायावी राजा आहे. कश्चेईच्या राक्षसांनी राजपुत्राला घेरलं की अग्निपक्षी येतो आणि आपल्या जादूनं त्या सगळ्यांना नाचायला लावतो. दमेपर्यंत! त्या भयंकर नाचाची सुरुवातच वाद्यवृंदाच्या एका दणक्यानं होते. तोच आपला 'ढँऽऽ'!

आणि आता खरी गंमत ऐका. हा कश्चेईसुद्धा तलवारीनं मरत नाही. का? कारण त्याचा जीव त्याच्या अंगात नाहीच. तो आहे एका अंड्यात, आणि अंडं पेटीत लपवलेलं. राजपुत्र ते अंडं फोडतो, तेव्हाच कश्चेई मरतो. आपल्याकडे पोपट, रशियात अंडं! आपल्या आजीची आणि रशियातल्या आजीची गोष्ट एकमेकींच्या सख्ख्या बहिणी निघाल्या की नाही?

तेव्हा हिशेब असा. १९१० साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऐकू आलेला दणका, पुढे ध्वनिमुद्रिकेत गेला, तिथून सिडनीच्या यंत्राच्या डिस्कवर आला आणि १९८२ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची पोरं त्यावर नाचू लागली. ७२ वर्षांचा प्रवास, आणि सामान केवढं? काही हजार आकडे!

आवाज तिसरा : चेलो, पण चेलो नव्हे

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. फेअरलाइटच्या पेटाऱ्यात 'चेलो २' नावाचा एक नमुना होता. १९८५ साली केट बुशनं 'रनिंग अप दॅट हिल' या गाण्याची मुख्य धून त्यावरच बांधली. ऐकताना मात्र चेलो समोर उभा राहत नाही. कुणी तरी लांबून हाक मारतंय, असं काहीतरी वाटतं. कारण तो एकच तुकडा खाली-वर सरकवत नेलाय. त्यानं मूळ वाद्याचा चेहरा बदलला आणि एक नवाच आवाज तयार झाला.

तुमच्या ताई-दादांना हे गाणं ठाऊक असेल. २०२२ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत ते वाजलं आणि ३७ वर्षांनी इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं!

आवाज चौथा : एक फुंकर

हा आवाज दुसऱ्या पेटाऱ्यातला. अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीनं १९८४ साली 'इम्युलेटर २' नावाचा सॅम्पलर काढला. त्याच्या डिस्कवर एक बासरी होती. सुराआधी 'फूऽऽ' अशी जोरकस फुंकर, मग सूर, आणि शेवटी थोडा थरार. १९८६ साली पीटर गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर' या गाण्याच्या सुरुवातीलाच ती वाजली. १९९० मध्ये 'एनिग्मा' या मंडळींच्या गाण्यात पुन्हा तीच!

ही बासरी कुठली? तिचं नाव शाकुहाची. जपानी बांबूची बासरी. आपली बासरी आडवी धरतात, ही उभी. पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. फुंकर तीच, थरारही तोच. खूण दुसरी! ती फुंकर कुणी तरी एकदाच मारली आणि ती वर्षानुवर्षं जगभर वाजत राहिली.

आणि हो, याच इम्युलेटरचा एक खट्याळ उपयोगही सांगतो. १९८६ च्या एका अमेरिकन विनोदी चित्रपटात शाळेला दांडी मारणारा फेरिस ब्यूलर नावाचा मुलगा आहे. खोकला आणि शिंका यांचे नमुने भरून तो पट्ट्या दाबतो. कुणाचा फोन आला की नुसतं खॉक्, खॉक्! सांगतोय म्हणून करू नका हं. तुमच्या बाई पक्क्या हेर असतात.

मग दाम कुणाला?

इतका वेळ गंमत झाली. आता एक जरा गंभीर प्रश्न.

शेजाऱ्यांच्या झाडाचा एक पेरू न विचारता तोडला, तर ती चोरीच ना? मग कुणी वाजवलेला सेकंदभराचा आवाज न विचारता घेतला तर? 'एवढासा तर आहे' असं म्हणून चालेल का?

अमेरिकेतली एक हकिगत ऐका. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदानं 'आमेन, ब्रदर' नावाची एक धून ध्वनिमुद्रित केली. तिच्या मध्यात बाकी सगळे थांबतात आणि एकटा ग्रेगरी कोलमन ड्रम वाजवतो. सहा-सात सेकंद फक्त. पुढे सॅम्पलर स्वस्त झाले आणि हे सहा-सात सेकंद हजारो गाण्यांत वापरले गेले. त्या ठेक्यावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले. पण कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ साली तो वारला, तेव्हा त्याला राहायला स्वतःचं घरसुद्धा नव्हतं. २०१५ साली संगीतप्रेमींनी वर्गणी काढून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले. चांगलंच केलं. पण ज्याच्या हातांनी तो ठेका वाजवला, तो तोवर हयात नव्हता.

१९९१ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानं निकाल दिला, की दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा घ्यायचा तर परवानगी हवी. तेव्हापासून मोठमोठे कलाकार आधी विचारतात, पैसे देतात, नावही छापतात.

जुन्या आवाजातून नवं काही करणं वाईट नाही, बरं का. 'प्लॅनेट रॉक' आणि 'रनिंग अप दॅट हिल' ही गाणी त्याशिवाय झालीच नसती. पण यंत्रातून निघालेला आवाज यंत्राचा नसतो. त्याच्या मागे कुणी तरी तासन्‌तास रियाज केलेला असतो, फुंकर मारलेली असते, निदान काच तरी फोडलेली असते! 'ऑर्क ५' म्हणून दणका वाजवणाऱ्या कित्येकांना स्ट्रॅव्हिन्स्कीचं नाव ठाऊक नव्हतं, आणि त्या ध्वनिमुद्रिकेतल्या वादकांची नावं तर डिस्कवर नव्हतीच. आवाज ओळखणं म्हणजे त्या माणसाचं नाव परत मिळवून देणं. हेरगिरी करायची ती यासाठी.

करून पाहा

१. घरी किंवा शाळेत कीबोर्ड असेल, तर त्यात 'जनरल मिडी' आवाजांची यादी आहे का ते बघा. १९९१ साली ही १२८ आवाजांची यादी ठरली. तिच्यात ५६ वा आवाज आहे 'ऑर्केस्ट्रा हिट', म्हणजे आपला 'ढँऽऽ'! अगदी फेअरलाइटचा तो तुकडा नव्हे, पण त्याच्याच घराण्यातला. ७८ वी शाकुहाची, आणि १०५ वी सतार. (काही कीबोर्डवर मोजणी शून्यापासून असते. तिथे एक आकडा कमी करा.) सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पट्टी दाबून आपल्या चारही खुणा तपासा.

२. मोबाइलवर घरातले पाच आवाज टिपा. कुकरची शिट्टी, स्टीलचा पेला पडल्याचा ठणठणाट, कडीचा खडखडाट, पाटा-वरवंटा, आजीची हाक. मग ते दुप्पट आणि निम्म्या वेगानं वाजवा आणि भावंडांना ओळखायला सांगा. निम्म्या वेगानं वाजवलेला पेला म्हणजे देवळातली घंटाच!

३. प्रत्येक आवाजाची वहीत नोंद करा : आवाज कशाचा, कुणी केला, कुठे, कोणत्या तारखेला. माणसाचा आवाज असेल, तर आधी विचारा, "आजी, तुझा आवाज घेऊ का गं?" फेअरलाइटच्या डिस्कवर जे लिहायचं राहून गेलं, ते तुमच्या वहीत राहायला नको.

डोकं चालवा

१. १६,३८४ आकड्यांची वही आहे. सेकंदाला ८,१९२ आकडे लिहिले, तर किती सेकंदांचा आवाज मावेल?
२. एक सेकंदाचा नमुना दोन सप्तकं वर नेला, तर तो किती वेळ वाजेल?
३. कश्चेईचा जीव कशात होता?
४. दोन गाण्यांतला तबला एकाच नमुन्याचा आहे, हे कोणत्या खुणेवरून कळेल?

(उत्तरं : १. दोन सेकंद. २. पाव सेकंद. ३. अंड्यात. ४. दर वेळी तंतोतंत तोच, ही दुसरी खूण.)

आईबाबांसाठी

या आठवड्यात मुलांबरोबर एखादं जुनं, तुमच्या आवडीचं गाणं ऐका आणि गायक-संगीतकारांच्या नावांनंतर एक प्रश्न जास्तीचा विचारा : यात बासरी कुणी वाजवली असेल? ढोलकी कुणाची? नाव सापडलं तर वहीत लिहा. सापडलं नाही, तर मुलांना शोधू द्या. वाद्यं ओळखता ओळखता माणसं ओळखायची सवय लागेल.

पुढच्या आठवड्यात : नारळाच्या दोन करवंट्यांतून घोडा कसा दौडतो? तोवर कान टवकारून ठेवा!